ठेवायचं कुठं?

(१९९६ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात ४ जानेवारी २०२६ रोजी केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला तो असा: "परदेशात शिकवायला जायची तयारी कशी केलीस ते सांग. आपल्यातले काही जण त्या विचारात आहेत, काहींची मुलं आहेत." मी मस्कतला एका भारतीय शाळेत गणित शिकवते. मार्च २०२३ मध्ये गेले. आत्ता हिवाळ्याच्या सुट्टीत आले आहे आणि परवा परत निघायचंय. घरी पलंगावर बॅग अर्धी भरून उघडी पडली आहे, म्हणजे विषय अगदी ताजा आहे.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माझे वडील आठवत असतील. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. पाटण तालुक्यातून मुंबईत आले आणि कांदा-बटाटा बाजार तिकडून इकडे हलला तेव्हा बाजाराबरोबर तेही खाडी ओलांडून आले. माथाडी कामगार. मे १९९२ मध्ये वाशीपर्यंत लोकल आली, त्याच्या आधीपासून आम्ही इथले. आपल्या वर्गात माथाड्यांची मुलं पुष्कळ होती, त्यामुळे १९६९ चा माथाडी कायदा आणि अण्णासाहेब पाटील ही नावं आपल्याला पुस्तकाच्या आधी घरात ऐकू आली.

मी जायचं ठरवलं ते हौसेनं नाही. कोविडमध्ये माझा पगार निम्म्यावर आला होता. घराचा हप्ता होता, मुलगा नववीत होता. तात्या तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचे, आईला मधुमेह. त्यांना सांगायला मी दोन आठवडे घेतले. सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "पोरी, ओझं उचलायच्या आदी बघायचं, ठिवायचं कुठं. मग हात लावायचा." मला वाटलं, विषय टाळताहेत. पुढचे चार महिने मी जी तयारी केली, त्यात या वाक्याच्या पलीकडचं काही निघालं नाही. म्हणून आज तीच वाट धरून सांगते.

पहिलं ओझं कागदांचं. सगळ्यात जास्त वेळ यालाच लागतो. पदवी आणि बी.एड.चं प्रमाणपत्र आधी विद्यापीठाकडून पडताळून घ्यायचं, मग राज्य शासनाचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा. ओमान हेग करारात आहे, आपला देश २००५ पासून आहे, त्यामुळे मला ॲपॉस्टिल चाललं. मी गेले तेव्हा दुबईला निघालेल्या माझ्या सहकारी बाईंना मात्र अमिरातीच्या वकिलातीचा आणखी एक शिक्का लागला. तेव्हा कुठल्या देशात जायचं ते पक्कं झाल्याशिवाय प्रमाणपत्रं कुणाच्या हाती देऊ नका. पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी, आधीच्या शाळांची अनुभवपत्रं हे वेगळंच. अनुभवपत्रावर विषय, इयत्ता आणि दोन्ही तारखा हव्यात. "या आमच्याकडे शिक्षिका होत्या" एवढ्यावर भागत नाही.

कुणी एजंट भेटला तर तो ई-मायग्रेटवर नोंदलेला आहे का ते आधी पाहा. नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. लाखाची भाषा सुरू झाली की चहा पिऊन उठा. करारात घर कुणाचं, तिकीट कुणाचं, उन्हाळी सुट्टीचा पगार मिळतो का, आणि मधेच सोडलं तर काय, या चार गोष्टी लेखी बघा.

माझं घोडं नावावर अडलं. पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच. विवाहाचा दाखला आणि राजपत्रातली नोंद यावर दोन नावं जुळली. स्पेलिंगसाठी मात्र आपल्या शाळेत यावं लागलं. ऑफिसात जुने गठ्ठे काढले, त्यात माझा प्रवेशअर्ज सापडला. खाली तात्यांची सही होती. त्यांनी स्वतःच्याच नावातलं जोडाक्षर चुकवलं होतं, आणि पुढे सगळीकडे ते चुकतच गेलं. व्यवसायाच्या रकान्यात कुणीतरी दुसऱ्याच्या अक्षरात लिहिलं होतं, "माथाडी". मी त्या कागदाचा फोटो काढला. परदेशात न्यायच्या कागदांत तो कुणी मागितलेला नाही, तरी तो माझ्याजवळ असतो.

आता बॅग. मला तीस किलोची मुभा होती. कुकर, तांदूळ, डाळी नेऊ नका, तिथे सगळं मिळतं. मी अर्धी बॅग त्यात घालवली. मूळ कागद हातातल्या बॅगेत, झेरॉक्सचे दोन संच वेगवेगळ्या जागी. पॉवर बँक हातातल्याच बॅगेत, सामानात चालत नाही. तिथले प्लग जाड चौकोनी तीन पिनांचे, एक ॲडाप्टर घ्या, बाकीचे तिथे घ्या. औषधं तीन महिन्यांची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. खोकल्याची आणि दुखण्याची काही औषधं, जी आपण इथे सहज घेतो, ती तिकडे बंदीच्या यादीत असतात. चष्मा दोन.

खसखस नेऊ नका. अफूच्या बोंडातलं बी म्हणून आखातात ती अमली पदार्थात धरतात. आमच्याकडच्या काळ्या तिखटात खसखस असते. ती नको म्हटल्यावर आईला पटेना. शेवटी तिनं आयुष्यात पहिल्यांदा खसखशीशिवाय तिखट केलं, कोपरखैरण्याच्या डंकावर जाऊन, समोर बसून कुटून घेतलं. आणि म्हणाली, "ह्याला चव न्हाई यायची." चव आली. पण मी तिला फोनवर सांगितलं की नाही आली, तुझंच बरोबर होतं.

निघायच्या आदल्या रात्री मी बॅग काट्याला अडकवून तोलली. साडेएकोणतीस. तात्यांनी एका हातानं उचलली, खाली ठेवली आणि म्हणाले, "एकतीस हाय." मी काटा दाखवला. ते म्हणाले, "काट्याला इचार." विमानतळावर भरली तीस किलो नऊशे ग्रॅम. दोन साड्या काढून हातातल्या पिशवीत कोंबल्या. ज्या माणसानं पस्तीस वर्षं गोण्या उचलल्या, त्याच्यापुढे तीनशे रुपयांचा काटा धरायचा नसतो.

तर बॅग भरायला दोन दिवस लागतात. घराची तयारी करायला मला तीन महिने लागले आणि ती तरी अपुरी पडली. बँकेचं बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतं, अनिवासी झाल्यावर साधं खातं चालवता येत नाही. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं. विम्याचे हप्ते, सोसायटीचा मेंटेनन्स, लाइटचं बिल हे सगळं मी आपोआप भरलं जाईल असं लावलं. आईच्या गोळ्यांचा तक्ता भिंतीवर लावला, मोठ्या अक्षरात. मला वाटलं, गणिताच्या शिक्षिकेनं काही सोडलेलं नाही.

पहिल्याच महिन्यात तात्यांकडे गॅसवाला आला. सिलिंडर द्यायला कोड हवा आणि कनेक्शनला नंबर माझा. मी मस्कतला सातवीच्या वर्गात, फोन स्टाफरूमच्या कपाटात. तो दहा मिनिटं थांबला आणि गेला. तात्या जिन्यात उभेच. संध्याकाळी बोलताना त्यांनी गॅसचं काही सांगितलं नाही. दोन दिवसांनी कळलं, शेजारच्या काकूंकडून चहा येत होता. त्या रात्री मी वही घेऊन बसले आणि या घरात कुठल्या कुठल्या गोष्टीला माझं बोट लागतं त्याची यादी केली. तेवीस निघाल्या. गॅसचा नंबर आता माझ्या मुलाचा आहे. तुम्ही ही यादी जाण्याच्या आधी करा.

बायकांनी बाहेर जाऊन शिकवणं आपल्याकडे नवीन नाही. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन बोटीनं इंग्लंडला गेल्या आणि चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकता शिकता संस्कृत शिकवू लागल्या. नवरा आदल्याच वर्षी गेलेला, आईवडील तर दुष्काळात आधीच गेलेले. त्यांचं पत्र घरी पोचायला आठवडे लागत. मला रोज रात्री व्हिडिओवर आई दिसते. मस्कतचं घड्याळ आपल्या फक्त दीड तास मागे. तरी सांगते, दिसणं आणि हात पोचणं यांत फार अंतर आहे.

ते अंतर मला ऑगस्ट २०२४ मध्ये कळलं. इथे रात्रीचे दोन, माझ्याकडे साडेबारा. तात्यांचा फोन आला, आईची साखर एकदम उतरली होती, ती बोलत नव्हती. नवरा कामासाठी सुरतला, मुलगा त्याच्या आत्याकडे. मी फोनवर नुसती "तात्या, साखर द्या, ओठाला लावा" म्हणत होते. मग आपल्या बॅचच्या ग्रुपवरचा एक नंबर लावला. नाव घेत नाही, तो समोर बसलाय आणि लाजेल. शाळेत तो शेवटच्या बाकावर असायचा आणि गणिताच्या पेपरला माझ्या मागे यावं म्हणून धडपडायचा. तो बारा मिनिटांत पोचला. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. त्यानं आईला तीन मजले खाली आणलं, रिक्षा उभी केली, आणि सकाळी सातपर्यंत दवाखान्याच्या बाकावर बसून राहिला. मी घरी आल्यावर तात्यांनी त्याच्याबद्दल एवढंच सांगितलं, "त्याला उचलायचं कळतं." तात्यांकडून याहून मोठं प्रमाणपत्र कुणाला मिळालेलं मी ऐकलं नाही.

मग मला त्यांच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग कळला. मी माझं ओझं कुठे ठेवून गेले होते? तात्यांच्या डोक्यावर. त्यांनी ते खाली ठेवलं नाही आणि मला कळूही दिलं नाही. जाण्याचा मला पश्चात्ताप नाही. हप्ते फिटले, मुलगा यंदा बारावीला आहे. पण चार महिने मी शिक्के मोजले, किलो मोजले, आणि रात्री दोन वाजता दार कोण वाजवेल हे कुणालाच विचारलं नाही. विचारायची लाज वाटली. आपलं ओझं दुसऱ्याला कसं सांगायचं!

म्हणून आज एक काम घेऊन आले आहे. आपल्या बॅचचे बरेच जण बाहेर आहेत आणि बहुतेकांचे आईवडील अजून वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, सानपाडा इथेच आहेत. २५ डिसेंबरपासून आपल्या नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडायला लागली. जाणं आता आणखी सोपं होणार, आपली मुलंही जाणार. चहाच्या टेबलावर मी एक दोनशे पानी वही ठेवली आहे. डाव्या पानावर, ज्यांचे आईवडील इथे एकटे आहेत त्यांनी पत्ता, मजला, लिफ्ट आहे की नाही, आणि डॉक्टरांचं नाव लिहावं. उजव्या पानावर, जे इथेच राहतात आणि रात्री फोन उचलतील त्यांनी आपला नंबर लिहावा. रोज जायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत. मी सुट्टीत इथे असते त्या दिवसांसाठी माझं नाव उजव्या पानावर लिहिलेलं आहे.

आणि नंबर मोठ्या अक्षरात लिहा. वहीची एक प्रत तात्यांकडे राहणार आहे, आणि त्यांना चष्मा लावूनही बारीक दिसत नाही.