रक्ताचे नाते आणि ‘बॉम्बे’ रक्तगट
(संघाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



सोयरीक जुळविताना कुळ, गोत्र, देवक पाहण्याची आपली रीत जुनी आहे. परंतु ज्या रक्ताच्या नात्याचा आपण एवढा अभिमान बाळगतो, त्या रक्तात असते तरी काय, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ती आज थोडीशी करावी, असा आमचा मानस आहे.

कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली व्हिएन्ना येथे रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला, त्यास शतकाहून अधिक काळ लोटला. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिनांना व स्निग्ध द्रव्यांना शर्करांच्या लहान साखळ्या जोडलेल्या असतात. त्यांच्या टोकाशी कोणती शर्करा आहे, यावर ‘ए’ की ‘बी’ हे ठरते. घराची उपमा द्यावयाची, तर ‘एच’ हा पाया होय. ‘ए’ आणि ‘बी’ हे त्यावरील मजले. ‘ओ’ गटात मजला नसतो, पण पाया असतो. पायाचे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर, तर मजल्याचे नवव्यावर असते. दोन्ही स्वतंत्रपणे वारशाने येतात.

१९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील काही व्यक्तींच्या रक्तात हा पायाच नसल्याचे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. तोच ‘बॉम्बे’ रक्तगट. भारतात सुमारे १०,००० मध्ये एक, तर युरोपात सुमारे १०,००,००० मध्ये एक असे याचे प्रमाण सांगतात.

नेहमीच्या तपासणीत हे रक्त ‘ओ’ असल्याचा भास होतो. परंतु अशा व्यक्तीच्या रक्तद्रवात ‘एच’विरुद्धही प्रतिपिंडे असतात. म्हणून ‘ओ’ गटाचे रक्त दिल्यासही प्राणावर बेतते. तिला ‘बॉम्बे’ गटाचेच रक्त लागते.

आता वारशाचा विचार करू. पायाचे सदोष जनुक आई व वडील या दोघांकडूनही आले, तरच हा गट प्रकट होतो. दोघेही निरोगी वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याच्या बाबतीत चारांत एक अशी शक्यता असते. मामेबहिणीशी किंवा आतेबहिणीशी लग्न झाल्यास दोघांकडे एकाच पूर्वजाचे जनुक असण्याचा संभव वाढतो. जवळच्या नात्यातच सोयरिकी करणाऱ्या आपल्यासारख्या समाजाने हे अवश्य ध्यानी घ्यावे.

याहून नाजूक गोष्ट अशी की, पायाअभावी न चढलेल्या मजल्याचे जनुक संततीत उतरू शकते. पित्याचा गट तपासणीत ‘ओ’, मातेचाही ‘ओ’, आणि बालकाचा मात्र ‘बी’! अशा वेळी बोट दाखविले जाते ते मातेकडे. वस्तुतः पिता ‘बॉम्बे’ गटाचा असून त्याच्या ठायी ‘बी’ गुप्त असू शकतो. मातेकडून आलेल्या पायावर तो बालकात प्रकट होतो. कागदावरील दोन अक्षरांवरून एखाद्या साध्वीच्या शीलावर संशय घेणे हे अज्ञान तर आहेच, पण घोर अन्यायही आहे.

शेवटी एक स्पष्टच सांगतो. ‘ए’, ‘बी’, ‘ओ’ हे गट सर्वच ज्ञातींत आढळतात. गट जुळला, तर परज्ञातीच्या माणसाचे रक्त आपल्याला तारते. न जुळल्यास पोटच्या मुलाचेही घातक ठरते. रक्त ज्ञाती ओळखत नाही.

म्हणून संघातील प्रत्येक कुटुंबास आमची विनंती आहे. रक्तगट तपासून घ्यावा. कोणी ‘बॉम्बे’ गटाचा निघाल्यास त्याच्या सख्ख्या भावंडांची तपासणी करावी, कारण तेथेच जुळणारे रक्त मिळण्याची आशा अधिक. आणि त्यांनी रक्तपेढीत आपले नाव नोंदवावे, ते केवळ ज्ञातिबांधवांसाठी नव्हे, तर गरजवंत कोणीही असो, त्याच्यासाठी.