‘ट्रस्ट’ : एका शब्दाचा प्रवास



संस्थेच्या पाटीवर आणि पावतीपुस्तकावर रोज दिसणारा ‘ट्रस्ट’ हा शब्द आता कोणालाच परका वाटत नाही. इंग्रजीत तो प्राचीन नॉर्स भाषेतून आला. तेथे ‘ट्राउस्ट’ म्हणजे आधार, भरवसा. ‘खरा’ या अर्थाचा ‘ट्रू’ हा त्याचा जवळचा आप्त. वृक्षवाचक ‘ट्री’ आणि देवदारातील आपला ‘दारु’ हेही याच कुळातील, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. झाडासारखे घट्ट, ते भरवशाचे!

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमीनमालक आपल्या कुटुंबासाठी सांभाळावी म्हणून जमीन मित्राच्या नावे करी. सामान्य न्यायालये कागदावरचे नाव तेवढे पाहत. चान्सलरचे न्यायालय मात्र त्या मित्राच्या सदसद्विवेकाला जाब विचारी. कायद्यातील ‘ट्रस्ट’ तेथून वाढला. आपल्याकडे भारतीय न्यास अधिनियम १८८२ साली झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेत स्टँडर्ड ऑइलच्या भागधारकांनी आपले भाग नऊ विश्वस्तांकडे सोपवले, आणि तेथे ‘ट्रस्ट’ म्हणजे मक्तेदारी असा अर्थ रूढ झाला. १८९० चा शेर्मन कायदा तिच्याविरुद्धच होता.

मराठीने हे अर्थ वाटून घेतले : भावना तो विश्वास, माणूस तो विश्वस्त, व्यवस्था तो न्यास. नागपूरला सुधार ‘प्रन्यास’ही आहे. संस्कृतातील ‘न्यास’ म्हणजे दुसऱ्यापाशी ठेवलेली ठेव. ठेव म्हटली की ती परत करणे आलेच; इंग्रजी शब्दापेक्षा हा अधिक बोलका म्हणावा लागेल.

पुण्याने या शब्दाचे ओझे लोकमान्यांच्या चरित्रात पाहिले. ऑगस्ट १८९७ मध्ये सरदार बाबा महाराज पंडित यांनी मृत्युशय्येवर मृत्युपत्र करून टिळकांना एक विश्वस्त नेमले. राजद्रोहाच्या आरोपातून टिळक त्या वेळी नुकतेच जामिनावर सुटले होते. पुढे १९०१ मध्ये औरंगाबादेस झालेले दत्तकविधान बाबा महाराजांच्या तरुण पत्नी ताई महाराज यांनी नाकारले आणि कोल्हापूरचा मुलगा दत्तक घेतला. त्यांची पसंती निराळी होती. विश्वस्तांना मृत्युपत्राचे बंधन होते. १९०३ मध्ये खोट्या साक्षीच्या आरोपावरून टिळकांना शिक्षा झाली. १९०४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. दिवाणी दावा तर प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९१५ मध्ये त्यांच्या बाजूने लागला. मधली सहा वर्षे त्यांनी मंडालेच्या तुरुंगात काढली होती. त्या इस्टेटीतील एक पैही त्यांची नव्हती.