गुडघा, घाट आणि जुनी टर्बो गाडी

(दहावी १९८५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून वक्त्याने थोडे नीटनेटके केले आहे.)



संयोजकांनी सांगितलं होतं, ज्याला ज्यातलं कळतं त्यावर त्याने दहा मिनिटं बोलावं. आत्ताच मधुमेहावर ऐकलं, त्याआधी मृत्युपत्र कसं करावं ते ऐकलं. त्यामानाने माझा विषय हलका आहे. गेल्या वर्षभरात तुमच्यापैकी सात-आठ जणांनी मला फोन करून एकच विचारलं, की अरे, नोकरी बरी आहे, मुलगी कमावती झाली, मग जुनी गाडी का घेतलीस? आणि सगळं जग उंच गाड्या घेतंय तर तू सेडान का? त्यात पुन्हा टर्बो, म्हणजे खर्चाला आमंत्रण! तेव्हा एकदाच सगळ्यांना उत्तर देतो.

मी राहतो साताऱ्यात आणि नोकरी शिरवळच्या एमआयडीसीत. एका बाजूचं अंतर साठेक किलोमीटर. कंपनीची बस पुण्याच्या बाजूने येते, आमच्या बाजूने येत नाही. त्यामुळे मी आणि साताऱ्यातलेच दोन सहकारी माझ्या गाडीने जातो, पेट्रोलचे तीन वाटे करतो. सकाळी खंबाटकीचा बोगदा, संध्याकाळी खंबाटकीचा घाट. ज्यांनी हा रस्ता केला आहे त्यांना ठाऊक आहे, साताऱ्याकडे येणारी वाहतूक घाट चढून येते. एखादा ट्रक वळणावर बंद पडला की तासभर पहिला गिअर, क्लच, ब्रेक, पुन्हा क्लच.

दोन वर्षांपूर्वी माझ्या डाव्या गुडघ्याने तक्रार सुरू केली. डॉक्टरांनी फोटो काढला, झीज दाखवली आणि म्हणाले, क्लच सोडा किंवा हा रस्ता सोडा. रस्ता सोडायचा म्हणजे शिरवळला खोली घेऊन राहायचं. आई ८३ वर्षांची आहे. ती साताऱ्याचं घर सोडणार नाही. तुळस, शेजार आणि समोरच्या दत्ताच्या देवळातली आरती हे तिचं जग आहे. आठवड्यातून एकदा घरी येणारा मुलगा होण्याची माझी तयारी नव्हती आणि निवृत्तीला चार वर्षं असताना नोकरी सोडायचीही नव्हती. म्हणजे क्लच नसलेली गाडी हवी होती. माझ्या शोधाची सुरुवात गुडघ्यापासून आहे, हौसेपासून नाही. (हौस होती, ती नंतर सांगतो.)

आपण नववीत होतो तेव्हा, १९८३ च्या डिसेंबरात, मारुती ८०० रस्त्यावर आली. त्या वेळी गाडी निवडायची म्हणजे नंबर लावून वाट बघायची. आता उलटं झालंय, निवड इतकी आहे की माणूस गोंधळतो. माझ्यापुरता मी गोंधळ कमी केला तो तीन अटींनी. ऑटोमॅटिक हवी. चार माणसं आणि एसी घेऊन घाट कुरकुर न करता चढली पाहिजे. आणि आठ लाखांच्या आत, कर्ज न काढता.

आता टर्बो का? इथे मला विज्ञानाच्या सरांची मदत घ्यावी लागेल, ते समोरच बसलेत. सर, तुम्ही आम्हाला सायकलचा पंप मारायला लावून त्याचं टोक हाताला लावायला सांगितलं होतं. हवा दाबली की तापते! टर्बो म्हणजे तसाच पंप, पण तो चालवायला माणूस लागत नाही. इंजिनातून बाहेर पडणारा जळका वायू आपण एरवी धुराड्यातून सोडून देतो. तो आधी एका चाकावरून नेतात, ते चाक फिरतं आणि त्याच दांड्यावर बसवलेलं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. दाबलेली हवा तापते, म्हणून तिला वाटेत इंटरकूलरमध्ये थंड करतात. जास्त हवा, म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं, म्हणजे लहान इंजिनातून मोठ्या इंजिनाचं काम.

पण माझ्या कामाची गोष्ट वेग ही नाही. माझ्या जुन्या १.२ लिटरच्या हॅचबॅकचा पूर्ण जोर चार हजार फेऱ्यांच्या पुढे मिळायचा. म्हणजे घाटात गाडी किंचाळल्याशिवाय चढायची नाही. आता जी गाडी घेतली तिचं इंजिन फक्त १ लिटरचं, तीन सिलिंडरचं आहे. पण तिचा १७५ न्यूटन-मीटरचा पूर्ण जोर १७५० फेऱ्यांपासूनच मिळतो. घाटात ती मुकाट चढते. मागे बसलेला सहकारी झोपलेला असतो, तो झोपलेलाच राहतो. रोज १२० किलोमीटर करणाऱ्याला आराम म्हणजे हा. मऊ गादी त्यानंतर.

सेडान का, याचं उत्तर थोडं व्यवहाराचं आहे. सगळ्यांना उंच गाडी हवी असल्यामुळे जुन्या बाजारात सेडान त्यामानाने स्वस्त पडते. उंच गाडीत म्हाताऱ्या माणसाला बसणं सोपं जातं, हे मान्यच आहे. म्हणून आमच्या हिने अट घातली की सासूबाई स्वतः बसून उतरून बघतील, मगच व्यवहार. आईने चार गाड्यांत बसून पाहिलं. एक उंच गाडी तिला चढायला आवडली, पण यवतेश्वरच्या वळणांवर ती डोलायला लागली तेव्हा आईने पदर तोंडाला लावला. सेडानमध्ये बसताना तिला हाताचा आधार लागतो, पण वळणावर पोटात ढवळत नाही. पुढची सीट जरा मागे सरकवून, बुडाखाली एक घट्ट उशी ठेवली की उतरायलाही जमतं.

आता मुद्द्याचं, म्हणजे गिअरबॉक्स. जुनी टर्बो ऑटोमॅटिक घेताना लोक इंजिनाची ताकद विचारतात. मी आधी विचारतो, आत क्लच कोणता आहे. ऑटोमॅटिक म्हटलं तरी आत वेगवेगळे प्रकार असतात. ड्युअल क्लच म्हणजे दोन क्लच, एकाने गिअर धरलेला असतो तेव्हा दुसरा पुढचा गिअर तयार ठेवतो. मोकळ्या रस्त्यावर त्याच्यासारखं सुख नाही, गिअर कधी बदलला ते कळतही नाही. पण ते क्लच कोरडे असतील तर चढावर मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या रांगेत ते घासतात आणि तापतात. दुसरा प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा. त्यात इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेल असतं. पंख्यासमोर दुसरा पंखा ठेवला की तोही फिरतो, तसं. थोडा मंद आणि थोडं जास्त पेट्रोल पिणारा, पण रांगेत सरकायला निर्धास्त. माझ्या घाटासाठी दुसराच योग्य होता.

हौसेचं सांगतो म्हणालो होतो. एक मोठी, दिमाखदार सेडान बघायला गेलो होतो. १८० अश्वशक्ती, दार लावल्यावर बँकेच्या तिजोरीसारखा आवाज, आणि किंमत माझ्या आवाक्यात. पाय दाबला आणि खरं सांगतो, दहा सेकंद मी सोळा वर्षांचा झालो. मग मी गाडी एका चढावर उभी केली, ब्रेक सोडला आणि नुसती सरकू दिली. ती थरथरली. पुन्हा केलं, पुन्हा थरथरली. क्लच संपत आले होते, आणि ते बदलायला किती लागतात ते विचारल्यावर मी मालकाचे आभार मानून बसने परत आलो.

दुसरी एका विक्रेत्याकडे होती. मीटरवर २२,००० किलोमीटर, गाडी २०२० ची, चकाचक. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. चारही टायरवर ३४२३ होतं. बावीस हजारांत टायरचा अख्खा संच का बदलला, असं विचारलं तर तो म्हणाला, आधीचे मालक हौशी होते. ब्रेकच्या पेडलचं रबर मात्र गुळगुळीत झालं होतं. ते हौसेने होत नाही. मी चहा पिऊन निघालो.

एकूण अकरा गाड्या बघितल्या. अकरावी कऱ्हाडच्या एका निवृत्त अधिकाऱ्यांची, २०२१ ची स्कोडा रॅपिड, आपल्या चाकणला बनलेली, १ लिटर टर्बो पेट्रोल, सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक. चाललेली ४१,०००. त्यांनी किल्लीच्या आधी फाईल पुढे केली. प्रत्येक ऑइल बदलाचं बिल होतं, त्यावर किलोमीटर आणि ऑइलचा ग्रेड. एक इग्निशन कॉइल बदललेली, बॅटरी नवी, मागचा बंपर एकदा रंगवलेला. हे सगळं त्यांनीच मी विचारायच्या आधी सांगितलं.

ऑइलच्या बिलांवर मी एवढा का अडतो? टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, त्याच्या एका टोकाला आठशे-नऊशे अंशांचा वायू असतो आणि तो तरंगतो तेलाच्या एका पातळ थरावर. ते तेल जुनं झालं, जळून काजळी धरली, की दांडा घासायला लागतो. हे बाहेरून दिसत नाही, रंग-पॉलिशने झाकलेलंही राहतं. आधीच्या माणसाने तेल वेळेवर बदललं का, हे फक्त बिलं सांगतात. कंपनी म्हणते १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष. मी दहा हजारांना बदलतो, आणि घाट चढून लगेच चहाला थांबलो तर इंजिन अर्धा मिनिट चालू ठेवतो. सहकारी हसतात. हसू देत.

फाईल बघूनही मी तपासणी सोडली नाही. सकाळी सात वाजता गेलो, कारण बॉनेटला हात लावून इंजिन थंड आहे ना ते बघायचं होतं. आधीच गरम करून ठेवलेली गाडी सुरू होताना काहीच सांगत नाही. सुरू केल्यावर निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा धूर येतच राहिला आणि त्याला गोडसर वास असला तर कूलंट आत जातंय. दोन्ही नव्हतं. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहिले; पुरात बुडालेली गाडी कितीही धुतली तरी बेल्टच्या तळाशी गाळाची रेघ राहते, आणि २०१९ नंतर आपल्या सांगली-कोल्हापूरकडे हे बघायलाच हवं. छोटा स्कॅनर लावून जुने दोष वाचले. मग दोघा सहकाऱ्यांना आणि आईला बसवून, एसी लावून गाडी घाटात नेली. एकट्याने मोकळ्या रस्त्यावर चक्कर मारणं म्हणजे मुलगी बघायला जाऊन नुसता फोटो बघून येणं.

कागदांचं थोडक्यात, कारण संयोजक घड्याळ दाखवतायत. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून बघा. कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. हस्तांतरणाचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, थकलेली ई-चलनं, आणि विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, तो धरून हिशेब करू नका. आणि आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, तेव्हा २०२३ च्या आधीची गाडी असेल तर टाकीच्या झाकणाच्या आत काय लिहिलंय ते वाचा. थोडं मायलेज त्यात जातं, हे धरून चाला.

व्यवहार सव्वासात लाखांत झाला, गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये. तेव्हापासून गाडी ४४,००० किलोमीटर चालली आहे. खर्चात चार वेळा ऑइल, चार टायर, एक कॉइल आणि पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड. पंधराच्या आसपास मायलेज मिळतं. सिग्नलला उभी असताना तीन सिलिंडरांची थरथर स्टीअरिंगवर जाणवते, हे दडवत नाही. आपल्या गल्लीतल्या दोन उंच गतिरोधकांवर ती तिरकी न्यावी लागते. गुडघा अजून दुखतो, पण जिना उतरताना; गाडीत नाही. संध्याकाळी साडेसातला मी घरी असतो, आई आरतीहून आलेली असते.

गाडी मागच्या फाटकाशी, चिंचेखाली उभी आहे. स्कॅनर पुढच्या खणात आहे. जेवणानंतर कुणाला आपल्या गाडीला लावून बघायचा असेल तर किल्ली माझ्याकडून घ्या. सर, तुम्हाला मात्र मी घरी सोडणार आहे, वाटेत चढ आहे तिथे तुम्ही आकडा बघत राहा.