सांगोल्याचे अकरा विजय आणि दोन पराभव

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



या व्याख्यानमालेत आम्ही एका आमदाराच्या निवडणुकांवर बोलणार आहोत, हे जाहीर होताच काही स्नेह्यांनी नाके मुरडली. संत, कवी, नाटककार, सुधारक यांची जिथे वाण नाही, त्या महाराष्ट्रातून आम्हांस बोलण्यासाठी राजकारणीच सापडावा, हा त्यांचा आक्षेप. तो अगदीच गैरवाजवी आहे असे आम्ही म्हणणार नाही. 'आमदारकी' या शब्दाला अलीकडे जो दर्प येऊ लागला आहे, तो आम्हांसही जाणवतो. परंतु म्हणूनच गणपतराव देशमुख यांच्यासारख्या माणसाचा हिशेब एकदा नीट मांडावा, असे आम्हांस वाटले. हिशेब म्हटला म्हणजे जमेबरोबर खर्चाची बाजूही आली; तीही आम्ही झाकणार नाही.

आणखी एक कारण आहे आणि ते आपल्या घरचे आहे. आपल्या सराफ बाजारात जुने सोने-चांदी आटवून शुद्ध करण्याची, म्हणजे गलाईची, जी दुकाने आहेत त्यांच्या मालकांना मूळ गाव विचारून पाहावे. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ अशी नावे कानी पडतील. भारतातील क्वचितच एखादी मोठी पेठ असेल की जिथे ही मंडळी पोहोचली नाहीत. ती हौसेने बाहेर पडली नाहीत. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील त्या तालुक्यांत शेतीवर पोट भरेना, म्हणून एकाने भट्टी शिकली, त्याने भावाला नेले, भावाने मेहुण्याला. आटपाडीची शीव ओलांडली की सोलापूर जिल्ह्यातील सांगोला तालुका लागतो. ज्या पाण्याच्या दुर्भिक्षाने आपल्यांपैकी अनेकांच्या वाडवडिलांना गाव सोडावयास लावले, त्याच दुर्भिक्षाशी झगडण्यासाठी मागे राहिलेल्या लोकांनी एक माणूस अकरा वेळा विधानसभेत पाठविला. तेव्हा विषय परका नाही.

प्रथम आकडे सांगून टाकतो. १९६२, १९६७, १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४ असे हे अकरा विजय. मतदारसंघ एकच, सांगोला. पक्ष एकच, शेतकरी कामगार पक्ष. १९७२ आणि १९९५ हे दोन पराभव. विजयांची संख्या म्हणून पाहिली तर याहून मोठी उदाहरणे आहेत. तमिळनाडूचे करुणानिधी १९५७ पासून २०१६ पर्यंत तेरा वेळा निवडून आले आणि एकदाही पडले नाहीत; मात्र कुळित्तलैपासून तिरुवारूरपर्यंत त्यांचे मतदारसंघ बदलत गेले. केरळचे के. एम. माणी पाला या एकाच मतदारसंघातून तेरा वेळा विजयी झाले; पण राज्याचा अर्थसंकल्प मांडणारा मंत्री म्हणून त्यांची कारकीर्द सत्तेच्या सावलीत वाढली. गणपतरावांच्या वाट्याला ती सावली फार थोडी आली. विधानसभेतील सुमारे पन्नास वर्षांत मंत्रिपद पाच वर्षेही लाभले नाही. बाकी सारा काळ विरोधी बाकांवर, आणि तोही दिवसेंदिवस रोडावत जाणाऱ्या पक्षाचा सभासद म्हणून.

या पक्षाचा इतिहास आता नव्या पिढीला ठाऊक असेलच असे नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास केशवराव जेधे, शंकरराव मोरे प्रभृतींनी काँग्रेसबाहेर पडून तो काढला. १९५० साली नाशिक जिल्ह्यातील दाभाडी येथे त्याने मार्क्सवादी भूमिका स्वीकारली. पुढे काही वर्षांतच स्वतः जेधे आणि मोरेही स्वगृही परतले. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत १९५७ साली पक्षाला भरभराट आली खरी. परंतु १ मे १९६० रोजी राज्य मिळाले आणि मागणी पुरी होताच चळवळीचा जोर ओसरला. यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणाने यशवंतराव मोहिते यांच्यासारखे या पक्षाचे खंदे कार्यकर्ते काँग्रेसमध्ये ओढून घेतले. अशा ओहोटीच्या वेळी, १९६२ साली, २६४ जागांच्या विधानसभेत पक्षाचे अवघे पंधरा सभासद आले. त्यांत सांगोल्याचा हा पस्तिशीतील वकील होता. मूळ गाव मोहोळ तालुक्यातील पेनूर. म्हणजे ज्या तालुक्याचे पुढे दैवत झाले, तिथे ते एका अर्थी बाहेरूनच आलेले.

काही जाणकार सांगतात की, सांगोल्यात धनगर समाजाची वस्ती मोठी, गणपतराव त्याच समाजाचे, तेव्हा यात नवल ते काय? आम्हांस हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. केवळ जातीच्या बेरजेवर निवडणूक जिंकता आली असती, तर १९७२ आणि १९९५ या सालांत ती बेरीज कोठे गेली होती? तालुक्यात इतर समाजही मोठ्या संख्येने आहेत. त्यांची मते मिळाल्यावाचून अकरा वेळा हे घडत नाही. जातीने पहिला पाय रोवावयास जागा दिली असेल. पुढची पन्नास वर्षे ती एकटी पुरणे शक्य नव्हते.

१९७२ च्या मार्चमधील निवडणूक बांगलादेश युद्धाच्या विजयानंतरची. इंदिरा गांधींच्या नावाचा तो झंझावात होता. २७० पैकी २२२ जागा काँग्रेसने घेतल्या, शेतकरी कामगार पक्ष सातवर आला आणि सांगोलाही गेले. त्याच वर्षी महाराष्ट्रावर तो भीषण दुष्काळ कोसळला, ज्याच्या आठवणी आपल्यांतील वडीलधाऱ्यांना अजून असतील: खडी फोडणारे लोकांचे तांडे, सुकडीचे वाटप, छावण्यांतील गुरे. पराभूत उमेदवाराला घरी बसावयास ही उत्तम सबब होती. पण दोनच वर्षांत, १९७४ च्या पोटनिवडणुकीत, सांगोल्याने त्यांना परत बोलाविले. लाट ओसरली म्हणून असे म्हणून मोकळे होता येईल. आमच्या मते दुष्काळाच्या कामांवर कोण दिसतो आणि कोण दिसत नाही, हे लोकांनी पाहून ठेवले होते.

त्याच दुष्काळातून रोजगार हमी योजना रुजली. तिचे जनक वि. स. पागे तासगाव तालुक्यातील विसापूरचे, म्हणजे याच कोरड्या पट्ट्यातले. १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम देण्याची हमी कायद्याने देणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य. केंद्राला तसा कायदा करावयास २००५ साल उजाडावे लागले. १९९९ साली विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात गणपतरावांकडे रोजगार हमीचे खाते आले, तेव्हा योग्य हाती योग्य काम गेले असे आम्हांस वाटले होते. त्यापूर्वी १९७८ साली शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारातही ते मंत्री होते. ते सरकार १९८० च्या फेब्रुवारीत बरखास्त झाले. आणि १९९९ चे मंत्रिपद २००२ साली संपले, कारण पक्षानेच सरकारची साथ सोडली. दोन्ही वेळा खुर्ची गेली ती पक्षाबरोबर. पक्ष सोडून ती राखण्याचा मार्ग त्यांनी पत्करला नाही. तो मार्ग तेव्हाही मोकळा होता आणि पुष्कळ वाहता होता.

आता पाण्याविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण या कारकिर्दीचा गाभा तोच. सांगोल्यात पाऊस सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही बेभरवशाचा. तालुक्यातून माण नदी जाते. पण वर्षाचा बराच काळ तिच्यात वाळूच असते. कृष्णेत पाणी आहे, ते पश्चिमेला. कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत आयोगाने, १९७३ च्या निवाड्यात महाराष्ट्राला ५६० टीएमसी पाणी दिले आणि २००० सालानंतर त्या वाटपाचा फेरविचार होऊ शकेल असे ठरविले. पाणी कागदावर मिळाले. ते अडवून, उचलून कोरड्या तालुक्यांकडे नेण्यासाठी लागणारा पैसा आणि त्याहून अधिक लागणारी इच्छा, दोन्ही सत्ताधाऱ्यांकडे नव्हती. नदीकाठच्या उसाला पाणी होतेच, आणि ज्यांचा ऊस त्यांचीच मंत्रालयात चलती.

१९९३ पासून आटपाडीला दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरू लागल्या. प्रतिसरकारातील लढवय्ये नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि गणपतराव हे या चळवळीतील अग्रणी. त्यांची मागणी केवळ 'आम्हांलाही पाणी द्या' एवढी नव्हती. जे पाणी येईल ते समन्यायी पद्धतीने वाटावे, ही होती. ज्याची जमीन मोठी त्याला पाणी मोठे, या रूढ न्यायाला ती छेद देणारी होती. १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि टेंभू उपसा सिंचन योजना हाती घेण्यात आली. कऱ्हाडजवळचे हे टेंभू म्हणजे गोपाळ गणेश आगरकरांचे जन्मगाव. साहित्यप्रेमी श्रोत्यांना एवढे विषयांतर चालावे. तिथे कृष्णेचे पाणी उचलून टप्प्याटप्प्याने ते माणदेशाकडे न्यावयाचे, अशी ही योजना.

आणि इथे दैवाचा एक विचित्र खेळ दिसतो. ज्या योजनेसाठी हा माणूस परिषदांमागून परिषदा घेत राहिला, ती मंजूर झाली तेव्हा तो सभागृहात नव्हता. १९९५ च्या निवडणुकीत काँग्रेसचे शहाजीबापू पाटील यांनी त्यांना १९२ मतांनी हरविले होते. एकशे ब्याण्णव! एखाद्या लहानशा वाडीवरची मते. वय एकोणसत्तरीच्या घरात. या वयात एवढ्या थोडक्या मतांनी हरलेला माणूस एकतर न्यायालयाची पायरी चढतो किंवा आत्मचरित्र लिहावयास घेतो. हे परिषदांना जात राहिले, आणि १९९९ साली पुन्हा निवडून आले. २०१४ साली तेच प्रतिस्पर्धी शिवसेनेच्या वतीने समोर होते. त्या वेळी अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या गणपतरावांनी मोठ्या फरकाने अकरावा विजय मिळविला.

सोलापूर जिल्ह्याचे राजकारण साखरेच्या पोत्यांवर उभे आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. गणपतरावांनी उभारली ती सूतगिरणी. तीही कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात. सहकारी सूतगिरण्या एकामागून एक बंद पडत असताना सांगोल्याची शेतकरी सहकारी सूतगिरणी नीट चालली, याचे श्रेय काटकसरीला आणि हात स्वच्छ ठेवण्याला दिले पाहिजे. त्यांच्या एस. टी. प्रवासाच्या गोष्टी वृत्तपत्रांनी इतक्या वेळा छापल्या आहेत की, आम्ही त्या पुन्हा सांगत नाही. साधेपणाचे कौतुक करता करता कामाची चौकशी करावयाची राहून जाते, हा आपल्याकडील जुना दोष आहे.

ती चौकशी आता करू. अर्धशतक एकाच माणसाला निवडून दिल्यावर सांगोल्याला काय मिळाले? टेंभूचे पाणी तालुक्याच्या काही भागात पोहोचले, ते गेल्या दशकात. म्हणजे पहिल्या विजयानंतर पन्नास वर्षांनी. विजेची बिले थकली की उपसा थांबतो, हे दुखणे निराळेच. विरोधी पक्षात राहिल्याने तालुक्याचे नुकसान झाले, असे म्हणणारे सांगोल्यातही आहेत. त्यांना सहज खोडून काढता येत नाही. पण त्याच पट्ट्यातील सत्ताधारी पक्षाच्या आमदारांच्या तालुक्यांत तरी पाणी लवकर आले होते काय, हेही विचारावे लागते. आटपाडी-खानापूरची माणसे गलाईसाठी देशोधडीला लागली, ती काही विरोधी आमदारामुळे नव्हे. दरम्यान सांगोल्याच्या शेतकऱ्यांनी १९९० नंतर रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेचा आणि ठिबकचा आधार घेऊन डाळिंबाच्या बागा उभ्या केल्या. २०१६ साली सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले. हे यश शेतकऱ्यांचे. आमदाराचा वाटा त्यात असलाच तर आडून.

आम्हांस अधिक खटकते ते दुसरेच. सांगोल्याने गणपतरावांना मते दिली. ती पक्षाला, त्याच्या विचाराला कितपत दिली? १९६७ साली राज्यात एकोणीस आमदार असलेला हा पक्ष २०१४ साली तिघांवर आला. एक तालुका पन्नास वर्षे लाल बावट्याखाली राहिला, पण शेजारच्या तालुक्यांत तो बावटा पसरला नाही. एकनिष्ठ नेता आपला गड राखतो आणि त्या राखण्यातच त्याची शक्ती खर्ची पडते, असे झाले असावे. गडाबाहेर नवे कार्यकर्ते घडवावे लागतात. ते काम पक्षाने केले नाही, आणि त्याचा दोष सर्वांत ज्येष्ठ नेत्याला अजिबात लावू नये, असे आम्हांस वाटत नाही.

२०१९ साली वयोमानामुळे ते उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत देशमुख ७६८ मतांनी पडले. ३० जुलै २०२१ रोजी सोलापूर येथे, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी, गणपतराव निवर्तले. २०२४ साली दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख सांगोल्यातून निवडून आले. त्या निवडणुकीत शेतकरी कामगार पक्षाला मिळालेली ती एकमेव जागा. घराणेशाहीच्या विरोधात बोलणाऱ्या पक्षाला शेवटी घराण्यातच उमेदवार शोधावा लागला, याची नोंद करणे आम्हांस भाग आहे. मात्र मतदारांनी एका नातवाला नाकारून दुसऱ्याला स्वीकारले, तेव्हा नाव पाहून डोळे मिटून मत दिले असेही म्हणता येत नाही.

आमची वेळ संपत आली आहे. सभागृहात माणदेशाकडील काही मंडळी बसलेली आम्हांस दिसत आहेत. गावच्या यादीत त्यांची नावे असतील, काहींनी मतदानासाठी गाडी पकडून गाव गाठलेही असेल. १९९५ सालच्या त्या १९२ मतांविषयी त्यांच्यापाशी काही सांगण्यासारखे असेल, तर ते ऐकावयास आम्ही उत्सुक आहोत.