शेतीचे सण आणि रिकामं गाव



बीडहून सोलापूरच्या वाटेला लागलं, की पाली गाव येतं. शेजारी बिंदुसरेचं धरण आणि पुढे बालाघाटाचे डोंगर. जिल्ह्याचा पाऊस सरासरीनं वर्षाला साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही भरवशाचा नाही. अशा मुलखात सण कशाला म्हणायचं? माझ्या मते रानात काय चाललं आहे, हे माणसानं ज्या दिवशी थांबून पाहायचं, तो सण.

नागपंचमी घ्या. त्या दिवशी नांगर धरायचा नाही, जमीन खणायची नाही. धान्य खाणारा उंदीर ज्याच्या धाकात राहतो, त्या सापाला एक दिवस मोकळीक. पुढे श्रावणी अमावस्येला पोळा. तोवर पेरणी उरकलेली असते, कोळपण्या आटोपत आलेल्या असतात, बैलाचा खांदा सोलवटलेला असतो. म्हणून आदल्या दिवशी त्या खांद्याला हळद-लोणी चोळायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याला पाहुण्यासारखं जेवू घालायचं. घटस्थापनेला शेतातलीच माती आणायची, तिच्यात धान्य पेरायचं आणि नऊ दिवसांत ते कसं उगवतं ते पाहायचं. बियाणं पारखण्याची याहून सोपी शाळा कुठली?

पालीचा पुढचा घाट चढून मांजरसुंब्याहून केज, अंबाजोगाईकडे निघालं, की लातूर जसजसं जवळ येतं, तसतसा एका सणाचा मान वाढत जातो. ती म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. आपण तिला येळवस म्हणतो. लातूर-धाराशिवकडे तर त्या दिवशी गावं ओस आणि रानं भरलेली. शेतात कडब्याची कोप करायची, पाच पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, पूजा करायची, शिवारात आंबील शिंपायची. मग भज्जी, बाजरीचे उंडे, भाकरी, खीर आणि वाटेनं जाणाऱ्यालाही जेवायचा आग्रह. बरं, ही भज्जी म्हणजे काय? तूर, वाल, वाटाणा, हरभरा, त्या वेळी शिवारात जे हिरवं मिळेल ते. म्हणजे हंगामाचा सगळा हिशेबच ताटात वाढलेला असतो.

आता कुणी विचारील, हा सण इंग्रजी तारखेला बांधलेला नाही, मग तो हंगाम कसा चुकत नाही? बघा. २०२२ साली येळवस २३ डिसेंबरला आली. त्यापुढची आली ११ जानेवारी २०२४ ला, आणि तिच्यानंतरची ३० डिसेंबर २०२४ ला. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ दिवसांचं. दर वर्षी सुमारे ११ दिवस मागे पडतात. ते साचले, की अधिक महिना घालून सण पुन्हा हंगामावर आणायचा. २०२३ साली अधिक श्रावण आला होता, तो त्यासाठीच. अमावस्या मागेपुढे सरकते, पण शाळू निसवण्याचा, हरभऱ्याला घाटे धरण्याचा काळ ती सोडत नाही.

हे सारं दुसरीकडची माणसं आज नव्यानं शोधीत आहेत. युरोपात ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वी ऋतूंचे अनेक सण होते. विसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडात काही मंडळींनी ते जुळवून वर्षाचे आठ सण मांडले: दिवस सर्वांत मोठा, सर्वांत लहान, दिवस-रात्र समान असे दोन दिवस, आणि त्यांच्या मधले चार. त्याला ते वर्षाचं चाक म्हणतात. आता गंमत अशी, की हे लोक ऑस्ट्रेलियात गेले. तिकडे डिसेंबरात भर उन्हाळा! तेव्हा त्यांच्यातल्या पुष्कळांनी सगळे सण सहा महिन्यांनी फिरवून घेतले. तारीख सोडली आणि ऋतू धरला. हे शहाणपण मला मोठं वाटतं.

आपली अडचण मात्र उलटी आहे. आपल्याकडे सण आहे, ऋतूही आहे, पण माणूसच जाग्यावर नाही. दसरा-दिवाळी झाली, की बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं उचल घेऊन ऊसतोडीला निघतात, ती पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. पोळ्याला ज्यांना सजवलं, त्यातले कितीतरी बैलही उसाच्या गाडीला जुंपून त्यांच्याबरोबर जातात. परत येणं मार्च-एप्रिलात. म्हणजे येळवशीला म्हातारी माणसं गावात, पोरं आजीजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात, आणि आईबाप फडावर. तिथंही ते राहतात ती कोपीच. पण ती सणाची नव्हे, पोटासाठी घातलेली. गाव रिकामं करणाऱ्या या दुखण्याला पाणी आणि गावातच काम हेच औषध. सण साजरे करून ते बरं होणार नाही, हे स्वच्छ सांगितलं पाहिजे.

मग सणाचं काय करायचं? शिक्षक मंडळींनो, तुम्हांला एवढंच सुचवतो. येळवशीच्या आधी एक दिवस वर्ग शिवारात न्या. कोणतं पीक कोणत्या अवस्थेत आहे, ते मुलांना त्यांच्या आजी-आजोबांना विचारून लिहू द्या. अंगणात एक काठी रोवा आणि तिची दुपारची सावली महिन्यातून एकदा मोजा. २२ डिसेंबरच्या सुमारास ती सर्वांत लांब भरेल, आणि मेच्या मध्यावर एके दिवशी काठीखालीच नाहीशी होईल. पंचांग कशावरून निघालं, ते पोरांना कुणी वेगळं शिकवायला नको. साखरशाळेतल्या गुरुजींनी तर जरूर विचारावं, "बाळ, तुमच्या गावी आज काय असतं?" त्या पोराला सांगण्यासारखं पुष्कळ असतं, विचारणारा भेटत नाही.

आणि फडावर ऐकणाऱ्या माझ्या बंधु-भगिनींनो, येळवस तुमच्या शेतावर अडलेली नाही. ज्या रानात आज तुमचा घाम पडतो आहे, तिथं दोन भाकरी जास्त थापा, पोरांना जवळ बसवा आणि आपल्या शिवारात या दिवसांत काय उभं असतं, ते नावानिशी सांगा. ती नावं पोरांच्या तोंडी राहिली, तर उद्या ती शेताकडे परत वळताना परकी ठरणार नाहीत.