अण्णांच्या बुलेटवरून लोंगेवाला

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)



साठीला एक वर्ष उरलेलं असताना माणसानं अडतीस वर्षांची जुनी मोटरसायकल घेऊन राजस्थानच्या सरहद्दीपर्यंत जावं का, यावर आमच्या घरात 2024 च्या नोव्हेंबरात बरीच चर्चा झाली. बायको म्हणाली, ‘रेल्वेनं जा की.’ मुलगा म्हणाला, ‘बाबा, निदान नवी गाडी तरी घ्या.’ दोघांचंही म्हणणं बरोबर होतं. पण मला जायचं होतं ते त्याच गाडीवरून. 1986 सालची ती बुलेट माझ्या वडिलांची, आमच्या अण्णांची होती.

अण्णा हवाई दलात होते. पायलट नव्हते, इंजिन फिटर होते. हा फरक आज मी सहज सांगतो. लहानपणी मात्र तो सांगायची मला लाज वाटायची. आमचं गाव वाई तालुक्यातलं. आई आणि आम्ही भावंडं गावी, अण्णा कधी जामनगरला, कधी आणखी कुठे. मी वर्गात ठोकून दिलं होतं, की माझे वडील विमान चालवतात. चौथीत असताना 26 जानेवारीला अण्णा नेमके रजेवर आलेले. गुरुजींनी त्यांना शाळेत बोलावलं आणि आकाशातले अनुभव सांगायची विनंती केली. अण्णा उभे राहिले आणि म्हणाले, ‘गुरुजी, मी विमान उडवत नाही. उडवणाऱ्याच्या ताब्यात देण्याआधी ते तपासतो.’ सगळा वर्ग हसला. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. पुढे त्या विषयावर मी कधी काही विचारलं नाही आणि त्यांनी आपणहून कधी सांगितलं नाही. 2019 मध्ये अण्णा गेले.

जाण्याच्या वर्षभर आधी मी त्यांना पुण्यात घोरपडीच्या युद्धस्मारकात घेऊन गेलो होतो. नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलेलं हे स्मारक 1998 मध्ये खुलं झालं. तिथे कारगिल युद्धात वापरलेल्या जातीचं, मिग-23 बीएन, विमान ठेवलेलं आहे. सगळे लोक विमानाच्या नाकाशी उभे राहून फोटो काढत होते. अण्णा काठी टेकत मागच्या बाजूला गेले, वाकले आणि पोटाखालून बराच वेळ बघत राहिले. ‘काय बघताय?’ मी विचारलं. म्हणाले, ‘हात कुठे घालावा लागत असेल, ते बघतोय.’ मी हसून सोडून दिलं. ते गेल्यावर मात्र ते वाक्य मला छळायला लागलं. 1971 च्या डिसेंबरात हा माणूस जामनगरहून जैसलमेरला गेला होता, एवढंच मला ठाऊक होतं. तेव्हा ठरवलं, ज्या रस्त्यानं ते गेले त्या बाजूला एकदा आपण जायचं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पहाटे निघालो. द्रुतगती महामार्गावर दुचाकींना बंदी, म्हणून जुन्या रस्त्यानं खंडाळ्याचा घाट उतरलो. पहिला मुक्काम वापी, दुसरा बडोदा. गाडी साठच्या वर न्यायची नाही, दर शंभर किलोमीटरला थांबायचं, असा माझा नेम होता. त्यामुळे रस्त्यावरच्या चहाच्या टपऱ्यांशी चांगलीच ओळख झाली.

तिसऱ्या दिवशी लिंबडीच्या अलीकडे क्लचची वायर तुटली. चूक माझीच. निघण्यापूर्वी सगळं तपासलं आणि नेमकी तीच बदलायची राहिली. दीड किलोमीटर गाडी ढकलत एका गॅरेजपाशी पोचलो. गॅरेज म्हणजे काय, चार पत्रे, एक बाज आणि विशीतला एक पोरगा. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला असतो आणि ब्रेक डाव्या. ते बघून तो आधी हसला. मग त्यानं दुसऱ्या कुठल्याशा गाडीची वायर कापून, टोकाला नवी गुंडी बसवून क्लच जोडून दिला. मी पैसे काढले. तर म्हणाला, ‘काका, ऊभा रहो.’ गाडी त्यानं स्वतः चालू केली. डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून तो इंजिन ऐकत राहिला. मग टॅपेट जुळवले, मागच्या चाकाची साखळी ओढली, पुन्हा ऐकलं. तेव्हा कुठे मला जाऊ दिलं. अण्णा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये नोकरीला लागले, त्यानंतर दारात उभी राहिलेली कुणाचीही गाडी ते अशीच मान कलती करून ऐकायचे.

जामनगरला हवाई दलाचा मोठा तळ आहे. अशा ठिकाणी फाटकापाशी रेंगाळायचं नाही, फोटो काढायचा नाही. मी लांबच्या एका टपरीवर बशीतून चहा पीत बसलो. थोड्या वेळानं डोक्यावरून दोन जॅग्वार गेली. टपरीवाल्यानं वर पाहिलंसुद्धा नाही. इथल्या लोकांना तो आवाज सवयीचा आहे. 1971 मध्ये याच गावावर बॉम्ब पडले होते. तेव्हा नव्या पायलटांना हंटर विमानाचं शिक्षण देणारी तुकडी जामनगरला होती, आणि तिच्यातलीच काही हंटर जैसलमेरला पाठवली गेली. त्यांच्याबरोबर अण्णा.

जामनगरहून मोरबी, मग सूरजबारीचा पूल. दोन्ही बाजूंना मिठाचे पांढरे ढीग आणि ट्रकांची रांग. पूल ओलांडला की कच्छ. भुजला लागून माधापर नावाचं गाव आहे. तिथे स्त्रियांचं एक स्मारक आहे आणि त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

8 डिसेंबर 1971 च्या रात्री पाकिस्तानी विमानांनी भुजची धावपट्टी फोडली. विमानं ना उतरू शकत, ना उडू शकत. तळाचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक, आपले मराठी. दुरुस्तीला पुरेशी माणसं त्यांच्यापाशी नव्हती. तेव्हा माधापरच्या सुमारे 300 बाया पुढे आल्या. भोंगा वाजला, की झुडपांत लपायचं. थांबला, की पुन्हा कामाला लागायचं. विमानातून दिसू नये म्हणून त्यांना फिकट हिरव्या साड्या नेसायला सांगितलं होतं. धावपट्टी वरून ओळखू येऊ नये म्हणून ती शेणानं सारवली होती. बहात्तर तासांत धावपट्टी पुन्हा विमान उडण्याजोगी झाली. पुढे सरकारनं त्यांना 50 हजार रुपयांचं बक्षीस दिलं, ते त्यांनी गावाच्या सभागृहाला देऊन टाकलं.

स्मारकाजवळच्या दुकानदाराशी बोलत होतो. अण्णांचं नाव निघालं. त्यानं मला मागच्या गल्लीत एका घरी नेलं. ओसरीवर एक आजी बसल्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या. त्या कामावर गेलेल्यांपैकी एक. त्यांना ऐकायला कमी येत होतं. नातसुनेनं मोठ्यानं सांगितलं, यांचे वडील त्या लढाईत हवाई दलात होते. आजींनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, ‘विमान चालवायचे?’

श्रोतेहो, पन्नास वर्षांनी तोच प्रश्न. मी म्हणालो, ‘नाही बा. विमानं दुरुस्त करायचे.’

आजी हसल्या. गुजरातीत म्हणाल्या, ‘म्हणजे आमच्यासारखेच.’ आणि नातसुनेला चहा टाकायला सांगितलं.

तिथून सांचोरमार्गे बाडमेरकडे वळलो. या वाटेवर गांधव गावाजवळून एक महामार्ग फुटतो, 925-ए क्रमांकाचा. त्याचा तीन किलोमीटरचा एक तुकडा असा बांधलाय, की वेळ पडली तर त्यावर लढाऊ विमान उतरवता येईल. 9 सप्टेंबर 2021 ला त्याचं उद्घाटन झालं, तेव्हा हवाई दलाचं सी-130 जे हे मालवाहू विमान दोन केंद्रीय मंत्र्यांना घेऊन इथे उतरलं होतं. एरवी तो साधा रस्ता. मी गेलो तेव्हा समोरून शेळ्यांचा एक कळप येत होता. दुभाजक नाही, झाड नाही, वळण नाही. चौथ्या गिअरमध्ये पन्नासच्या वेगानं मी तो पार केला आणि शेवटी गाडी वळवून पुन्हा एकदा पार केला. खोटं कशाला सांगू, दुसऱ्या खेपेला तोंडानं विमानाचा आवाजही काढला. ऐकायला फक्त शेळ्या होत्या.

जैसलमेरला युद्धसंग्रहालय आहे, जोधपूर रस्त्यावर, गावाबाहेर. 2015 मध्ये सुरू झालेलं. तिथे हंटर ठेवलंय. आयुष्यात पहिल्यांदा मी हंटर इतक्या जवळून पाहत होतो. लोक नाकाशी उभे राहून फोटो काढत होते. मी वाकून पोटाखाली पाहिलं.

आता हे का, ते सांगतो. या विमानाच्या नाकाखाली 30 मिलिमीटरच्या चार तोफा असतात. त्या गोळ्यांच्या पेट्यांसकट एका संचात बसवलेल्या असतात. विमान गोळ्या संपवून परत आलं, की खालच्या माणसांनी तो रिकामा संच उतरवायचा आणि भरलेला दुसरा चढवायचा. पंखाखाली रॉकेटं लावायची, इंधन भरायचं, इंजिन बघायचं. हे जितक्या लवकर होईल तितक्या लवकर विमान पुन्हा लढाईत.

आणि लोंगेवालाच्या लढाईत सगळं त्याच्यावरच तर अवलंबून होतं. ‘बॉर्डर’ सिनेमामुळे ती लढाई सगळ्यांना ठाऊक आहे. 4 डिसेंबरच्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि त्यांचे सुमारे 120 जवान त्या चौकीवर होते, आणि समोर रणगाड्यांची रांग. त्यांनी मदत मागितली. पण जैसलमेरच्या हंटरना रात्री हल्ला करता येत नव्हता. जवानांना सांगितलं गेलं, उजाडेपर्यंत धरून ठेवा. तळाचे प्रमुख विंग कमांडर एम. एस. बावा यांच्यापाशी त्या सकाळी मोजून चार हंटर होती. ती जोडीजोडीनं गेली. एक जोडी रणगाड्यांवर, तोवर दुसरी जमिनीवर भरली जातेय. मेजर आत्मासिंग ‘कृषक’ नावाच्या लहानशा विमानातून वर घिरट्या घालत रणगाडे कुठे आहेत ते रेडिओवर सांगत होते. दुपारपर्यंत हल्ला मोडला होता. चांदपुरींना महावीर चक्र मिळालं. 2018 मध्ये ते गेले.

चार विमानं म्हणजे एक बिघडलं, तर चौथाई ताकद गेली. हे हिशेबाचं वाक्य मला त्या संग्रहालयात, त्या विमानाच्या पोटाखाली वाकलेलो असताना सुचलं. अण्णा पुण्यात ‘हात कुठे घालावा लागत असेल’ म्हणाले होते, ते आता कळलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला जैसलमेर सोडलं. लोंगेवाला तिथून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. वाळवंटातली डिसेंबरची थंडी काय असते, ते मला त्या दिवशी समजलं. हातमोज्यांवर हातमोजे घालूनही बोटं वळेनात. रामगढला चहा घेतला. पुढे गेल्यावर अंधारात रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली आणि उजाडायची वाट पाहत बसलो. काहीही दिसत नव्हतं. इंजिन निवताना टिकटिक वाजत होतं, तेवढाच आवाज. अण्णा एकदाच, माझ्या लग्नाच्या आदल्या रात्री, मांडवात शेकोटीपाशी बसून म्हणाले होते, ‘तिकडे बोटं अशी गारठायची, की पाना कुठे आणि बोट कुठे तेच कळायचं नाही. आणि गेलेली विमानं परत येईतो आम्ही आकाशात मोजत राहायचो.’ मी तेव्हा पाहुण्यांच्या गडबडीत होतो. ‘हो का’ म्हणून उठून गेलो होतो.

पूर्वेला फटफटलं. आधी वाळूच्या टेकड्यांच्या कडा दिसल्या, मग खुरटी झुडपं, मग रस्ता. उजेड यायला किती वेळ लागतो, हे घड्याळात पाहिलं तर फार नाही. वाट पाहणाऱ्याला विचारलं तर उत्तर वेगळं येईल. चौकीवरच्या जवानांनी ती रात्र काढली. जैसलमेरच्या धावपट्टीवर, विमानं सज्ज ठेवून, आणखी काही माणसांनीही काढली. त्यांतला एक आमच्या घरात पुढे अठ्ठेचाळीस वर्षं वावरला आणि मी त्याला विचारलं नाही.

लोंगेवालाला आता स्मारक आहे. पकडलेले रणगाडे उभे आहेत. पर्यटक येतात, मुलं रणगाड्यांपाशी खेळतात. पहाऱ्यावरच्या जवानानं बुलेट बघून विचारलं, ‘कितनी पुरानी है, साब?’ मी साल सांगितलं. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, ‘अच्छी रखी है.’ मी म्हणालो, ‘माझ्या वडिलांनी ठेवली.’

अकरा दिवसांनी, तीन हजारांवर किलोमीटर करून, मी पुण्याला परत आलो. हंटर हवाई दलातून 2001 मध्येच निवृत्त झालं. मी परतल्यावर नऊ महिन्यांनी, 26 सप्टेंबर 2025 ला, मिग-21 ही निवृत्त झालं. ही विमानं आता आपल्याला रस्त्याकडेला, चौकात, संग्रहालयांच्या दारात भेटत राहतील. तुम्ही त्यांच्यापाशी थांबाल तेव्हा नाकाशी उभं राहून फोटो जरूर काढा. पण एकदा मागच्या बाजूला जाऊन पोटाखालीही बघा. आणि तुमच्या घरात असं कुणी असेल, ज्याचं नाव कुठल्या फलकावर नाही, तर त्याला आजच विचारा. लग्नघाईत उठून जाऊ नका.

आणि हो, लांबच्या प्रवासाला निघालात, तर क्लचची एक जादा वायर बरोबर असू द्या.