फोन घेताना आधी बॅटरी बघा



औंधच्या यमाईच्या डोंगराखाली रानं आहेत.
शेतीपंपाची वीज पाळीनं येते, कधी रात्रीची.
दारं धरायला निघालं, की हातात फोन.
त्याचाच उजेड, त्याचाच आधार.

मग नवा फोन घेताना काय हवं?
दिवसरात्र पुरणारी बॅटरी.
भर उन्हात वाचता येणारी स्क्रीन.
शिवारात टिकणारी रेंज.
आणि बिघडलाच, तर जवळपास दुरुस्ती.
कॅमेऱ्याचे मोठे आकडे मला तरी नंतरचे वाटतात.

वापरलेला फोन घेताय?
स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा.
आयएमईआय क्रमांक दिसेल.
तो सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर तपासा.
फोन काळ्या यादीत असेल, तर तिथं कळतं.

पुन्हा सांगते, आधी बॅटरी बघा.
आणि पक्की पावती घेतल्याशिवाय दुकानातून निघू नका.